उधारीचं इंजिन आणि कमरेएवढी गाडी: आल्पीनच्या शर्यतींची गोष्ट

१९७३ च्या जानेवारीत माँटे कार्लो रॅली संपली तेव्हा पहिल्या सहा गाड्यांपैकी पाच एकाच कारखान्यातून आलेल्या होत्या. समोर फोर्ड, लान्सिया, फियाट अशी मातब्बर मंडळी होती. आणि हा कारखाना कुठला, तर फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दिएप नावाच्या बंदराच्या गावातला. गाडीची उंची १.१३ मीटर, म्हणजे शेजारी उभं राहिलं तर छप्पर आपल्या कमरेच्या जरासं वर. बॉडी फायबरची. इंजिन तर स्वतःचं नव्हतंच, ते रेनॉच्या घरगुती गाडीचं, घासूनपुसून जोरकस केलेलं.

कंपनीचं नाव आल्पीन. फॉर्म्युला वनच्या समालोचनात ‘अल्पाइन’ ऐकायची सवय असेल त्यांनी तसं वाचावं. मराठीत आलपीन म्हणजे टाचणी. तो शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला आणि या गाडीशी त्याचं काही नातं नाही. हे नाव आल्प्स पर्वतावरून आलंय. पण टाचणी हे नावही तिला शोभलं असतं. हलकी, बारीक, आणि बरोबर जागी टोचणारी.

एवढ्याशा कारखान्याला हे कसं जमलं आणि पुढे का जमेनासं झालं, याचं उत्तर गाडीच्या वजनात आहे आणि ते वजन गाडीत कुठे ठेवलंय त्यात आहे. बाकी सगळा इतिहास त्याभोवती फिरतो.

तीन गिअरची अडचण

जाँ रेदेले १९२२ मध्ये दिएपला जन्मला. पॅरिसच्या नामांकित व्यापार महाविद्यालयात शिकून गावी परतला आणि रेनॉची एजन्सी चालवू लागला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि रेनॉची सगळ्यात खपणारी गाडी होती ४सीव्ही: चिमुकली, चार दारांची, मागे पाऊण लिटरचं इंजिन. आपल्याकडे नॅनोचं आणि रिक्षाचं इंजिन मागे असतं, तसंच. रेदेलेने हीच गाडी शर्यतीत उतरवायला सुरुवात केली. हौस होतीच, पण हिशेबही होता: रविवारी गाडी जिंकली की सोमवारी गिऱ्हाईक दारात येतं.

या गाडीला गिअर फक्त तीन होते. घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही यातली गोम सांगायला नको. दुसऱ्यात इंजिन किंचाळतं आणि तिसऱ्यात टाकलं की धापा टाकतं. छोट्या इंजिनात ताकद सगळ्याच वेगांना सारखी नसते. दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच ते खऱ्या अर्थाने ओढतं. गिअर जास्त असले तर वेग कितीही असो, इंजिनाला त्या पट्ट्यात ठेवता येतं. रेदेलेने ४सीव्हीला पाच गिअरची पेटी बसवली. मूळ ताकद फारशी वाढवली नाही, असलेली वाया जाऊ दिली नाही. इटलीतल्या मिल्ले मिलिया या ब्रेशा ते रोम आणि परत अशा सुमारे सोळाशे किलोमीटरच्या शर्यतीत त्याने १९५२, ५३ आणि ५४ अशी सलग तीन वर्षं आपला छोट्या इंजिनांचा गट मारला. आल्प्सच्या घाटांतल्या रॅलीत ही गाडी चालवताना त्याला सगळ्यात जास्त मजा आली, म्हणून १९५५ मध्ये स्वतःची कंपनी काढली तेव्हा नावही त्या डोंगरांचंच ठेवलं.

पहिली गाडी ए१०६. आतून ४सीव्ही, वरून फायबरची सुबक दोन दारी बॉडी. निळी, पांढरी आणि लाल अशा तीन गाड्या त्याने रेनॉच्या बियाँकूरच्या कारखान्याच्या अंगणात नेऊन उभ्या केल्या. फ्रान्सच्या झेंड्याचेच रंग. रेनॉ तेव्हा सरकारी मालकीची कंपनी होती. विक्रीची अक्कल म्हणतात ती ही.

कणा, कवच आणि उलाळ गाडी

नंतर ए१०८ आली आणि १९६२ मध्ये ए११०, जिला चाहते आजही लाडाने ‘बर्लिनेत’ म्हणतात. ही गाडी आतून समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

त्या काळच्या साध्या गाडीत पत्र्याची अख्खी पेटीच भार वाहायची. ए११० मध्ये मधोमध एकच जाड पोलादी नळी, अगदी पाठीच्या कण्यासारखी. पुढची चाकं, मागची चाकं, इंजिन, सगळं त्या कण्याला जोडलेलं. वरच्या बॉडीला भार उचलायचं काम जवळपास नव्हतंच, त्यामुळे ती फायबरची करता आली. आपल्याकडे मंडळांच्या कायमस्वरूपी गणेशमूर्ती बनतात तशीच ही पद्धत: साचा घ्यायचा, त्यात काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, वर राळेचा थर, पुन्हा कापड, पुन्हा राळ. महागडे प्रेस लागत नाहीत, म्हणून छोट्या कारखान्याला परवडतं. आणि वजन कमी. ए११० चं वजन सातशे किलोच्या आसपास राहिलं. आजची कुठलीही साधी हॅचबॅक यापेक्षा जड आहे.

वजन कमी असण्याचा फायदा फक्त वेग घेताना होत नाही. ब्रेक मारल्यावर थांबवायचं ओझं कमी, वळणावर बाहेर फेकलं जाणारं ओझं कमी, टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागतं. घोड्यांची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते. वजन उतरवलं तर ती सगळीकडेच पळते. रेदेलेकडे घोडे विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने ओझं उतरवलं.

आता इंजिन मागे का? खरं कारण साधं आहे: रेनॉच्या गाड्यांचं इंजिन मागेच होतं आणि रेदेलेला तेच सुटे भाग वापरायचे होते. पण हीच सक्ती बर्फावर वरदान ठरली. टायर रस्त्याला किती धरून ठेवतो हे त्याच्यावर किती भार आहे यावर अवलंबून असतं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि जोर मागच्याच चाकांना. चढावर तर गाडीचा भार आपोआप आणखी मागे सरकतो. म्हणजे बर्फाळ घाटाच्या चढावर पुढे इंजिन आणि मागे ढकलणारी चाकं असलेली गाडी जागेवर चाकं फिरवत बसते, तेव्हा ही निघून गेलेली असते.

यात मेख आहेच. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. ए११० तशीच उलाळ. पुढची चाकं हलकी, त्यामुळे वळणात शिरताना ती वळायला नाखूष. आणि एकदा वळली, की मागचं जड इंजिन लंबकासारखं बाहेर झुकतं. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर भार झटकन पुढे जातो, मागची चाकं पकड सोडतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. सुरुवातीच्या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसतात, ती हा अवखळपणा आटोक्यात ठेवायला.

मुरलेले चालक या खोडीचाच वापर करायचे. उजवं वळण येण्याआधी गाडीला क्षणभर डावीकडे हलवायचं, मग उजवीकडे. मागचं धूड झोका घेतं, गाडी आडवी होते, नाक वळणातून बाहेर पडायच्या दिशेला आधीच वळलेलं असतं. मग पाय दाबायचा. त्या काळचे फोटो पाहा. निळी गाडी रस्त्याला काटकोनात, आणि पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला वळवलेली.

आधी ल मॉंमध्ये हात पोळले

पण आल्पीन रॅलीकडे पूर्णपणे वळली ती दुसरीकडे हरल्यावर. साठच्या दशकात कंपनीचं स्वप्न होतं ते ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीचं. १९६३ मध्ये पहिल्याच खेपेला घाला पडला: दुसऱ्या एका गाडीचं इंजिन फुटून रस्त्यावर तेल सांडलं होतं, त्यावरून घसरून आल्पीनचा ब्राझिलियन चालक ख्रिस्तियन हाइन्स मरण पावला.

तरी छोट्या इंजिनांच्या गाड्यांनी नाव काढलं. ल मॉंमध्ये तेव्हा एक वेगळं बक्षीस असायचं, कमी इंधनात जास्त अंतर कापणाऱ्याला. थोडक्यात, थोड्यात संसार करण्याचं बक्षीस. ते आल्पीनने १९६४ मध्ये आणि पुन्हा १९६६ मध्ये घेतलं. मग कुणाला तरी वाटलं की आता एकूण पहिला नंबर हवा. रेनॉसाठी शर्यतीची इंजिनं घडवणाऱ्या गोर्दिनीच्या कारखान्यात तीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बनलं, त्यावर ए२२० गाडी. इंजिनाची ताकद तीनशे अश्वशक्तीच्या थोडी पुढे. त्याच वेळी कॉसवर्थ या ब्रिटिश कंपनीचं तेवढ्याच मापाचं इंजिन चारशेच्या वर होतं. १९६८ मध्ये आल्पीनचा चालक मोरो बियांकी ल मॉंमध्ये जळत्या गाडीत गंभीर भाजला. १९६९ नंतर हा उद्योग बंद झाला.

माझ्या मते यात नवल काहीच नाही. ल मॉंच्या तेव्हाच्या सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर वजनाला फार अर्थ नव्हता. तिथे हवा कापत जायचं होतं आणि त्याला घोडेच लागतात. आल्पीन तिथे आपलं हत्यार घरी ठेवून लढायला गेली होती.

रात्र, बर्फ आणि वही

रॅली हा प्रकार सर्किटवरच्या शर्यतीपेक्षा पार वेगळा. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. एकेक सोडली जाते. रस्ते नेहमीचेच, डोंगरातले, ठरावीक तुकड्यांपुरते वाहतुकीला बंद केलेले. या तुकड्यांना स्टेज म्हणतात. प्रत्येक स्टेजची वेळ मोजायची, सगळ्यांची बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरीज त्याची जीत. शेजारच्या सीटवर सहचालक असतो. रॅलीआधी दोघं रस्ता फिरून प्रत्येक वळणाची नोंद वहीत करतात आणि रॅलीत सहचालक ती आधीच मोठ्याने वाचत जातो. चालकाला वळण दिसायच्या आधी ते ऐकू येतं. माँटे कार्लोत तर पुढे जाऊन कुठे बर्फ आहे, कुठे रस्ता कोरडा आहे हे सांगणारी वेगळी माणसं लागतात. एकाच घाटात सावलीच्या बाजूला काच आणि उन्हाच्या बाजूला कोरडं डांबर. खिळ्यांचे टायर लावायचे की साधे, यावर रॅली जिंकली-हरली जाते.

आल्पीनचा संघप्रमुख जाक शेनीस स्वतः आधी चालक होता. त्याच्याकडे जाँ-लुक तेरिये, जाँ-क्लोद आंद्रुए, जाँ-पिएर निकोला आणि बेर्नार दार्निश ही चौकडी. फ्रेंच वर्तमानपत्रं त्यांना मस्केटियर म्हणायची. त्यात स्वीडनचा ओवे अँडरसन येऊन मिळाला. आधीची तीन वर्षं माँटे कार्लो पोर्शे ९११ ने जिंकली होती. तिचंही इंजिन मागेच, पण गाडी आल्पीनपेक्षा बरीच जड. १९७१ मध्ये अँडरसन पहिला आला, तेरिये दुसरा, आणि तिसरा क्रमांक आंद्रुए आणि पोर्शेच्या वाल्डेगार्ड यांच्यात विभागला गेला. अँडरसनने त्या वर्षी सान रेमो, ऑस्ट्रिया आणि ग्रीसमधली अक्रोपोलिसही मारली, आणि उत्पादकांचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद दिएपला गेलं. (हाच अँडरसन पुढे टोयोटाचा युरोपातला संघ उभा करून तो थेट फॉर्म्युला वनपर्यंत घेऊन गेला.)

१९७३ पासून या स्पर्धामालिकेला जागतिक दर्जा मिळाला, आणि त्या जागतिक मालिकेची पहिलीच रॅली म्हणजे लेखाच्या सुरुवातीची ती माँटे कार्लो. ती सरळ पार पडली नाही. बुर्झेच्या स्टेजवर बर्फाने रस्ता अडला, मागून येणाऱ्या शंभराहून जास्त गाड्या अडकल्या, आणि आयोजकांनी त्यांना सरळ बाद ठरवलं. चिडलेल्या चालकांनी पुढच्या रस्त्यात ठिय्या मांडून रॅलीच अडवायचा प्रयत्न केला. रास्ता रोको काही फक्त आपल्याकडेच होत नाही.

उरलेल्यांची लढाई शेवटच्या रात्री तुरिनीच्या खिंडीत. आंद्रुए आणि अँडरसन, दोघंही आल्पीनमध्ये, आणि कित्येक दिवसांच्या मेहनतीनंतर दोघांमधलं अंतर अर्ध्या मिनिटाहून कमी. आंद्रुए जिंकला. त्याच्या शेजारी वही वाचत होती मिशेल पेती, जिला सगळे ‘बिश’ म्हणजे हरिणी म्हणत. जागतिक मालिकेतल्या पहिल्याच विजयात एक बाई गाडीत होती, ही गोष्ट नोंदीत बऱ्याचदा एका ओळीत उरकतात. पण रात्री बर्फात, एका बाजूला दरी असताना, गाडी आडवी जात असताना वहीतली ओळ न चुकता वाचणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

त्या मोसमातल्या तेरा रॅलींपैकी सहा आल्पीनने जिंकल्या. माँटे कार्लोनंतर पोर्तुगाल, मोरोक्को, अक्रोपोलिस, सान रेमो आणि कोर्सिका. मोरोक्कोत दगडधोंड्यांचं वाळवंट होतं, म्हणजे ही गाडी फक्त बर्फातली होती असं म्हणायची सोय उरली नाही. कोर्सिकात पहिले तिन्ही क्रमांक आल्पीनचे. एकट्या तेरियेने तीन रॅली जिंकल्या, पण चालकांसाठी विजेतेपदच तेव्हा नव्हतं. ते १९७९ मध्ये सुरू झालं. त्यामुळे विजेत्यांच्या यादीत तेरियेचं नाव शोधलं तर सापडत नाही.

हत्यार बोथट झालं

त्याच वर्षी रेनॉने आल्पीनचा ताबा घेतला. वर्षअखेरीस तेलसंकट आलं, आणि १९७४ ची माँटे कार्लो रद्दच झाली. पण खरा घाव लान्सिया स्ट्रॅटोसने घातला. तोवर रॅलीची गाडी म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला बदलून केलेली गाडी. स्ट्रॅटोस मुळापासून रॅलीसाठीच आखलेली. तिचं फेरारीचं सहा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. म्हणजे मागच्या चाकांवर भार आहे, आणि लंबक मात्र नाही. ए११० चा आराखडा तेव्हा बारा वर्षांचा झाला होता. १९७४ ते ७६ तिन्ही विजेतेपदं लान्सियाची.

रेनॉला आता ल मॉं खुणावत होतं, आणि या वेळी सरकारी कंपनीचा खजिना पाठीशी होता. हत्यार होतं टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक छोटी पंखी फिरवायची, तिने दुसरी पंखी फिरवायची, आणि तिने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं. यामुळे अन्याय होऊ नये म्हणून नियम असा होता की टर्बो इंजिनाचं माप १.४ ने गुणायचं आणि उत्तर तीन लिटरच्या आत हवं. आल्पीनच्या ए४४३ चं इंजिन २,१३८ घनसेंटिमीटर. गुणून बघा: २,९९३. नियमाच्या काठावर सात घनसेंटिमीटरची जागा!

१९७७ मध्ये ल मॉंला त्यांच्या गाड्या पुढे होत्या आणि पिस्टन जळून एकामागून एक बंद पडल्या. कारण पुन्हा तोच सरळ पट्टा. इतका वेळ पूर्ण जोरात इंजिन चालवलं की पिस्टनला थंड व्हायला उसंत मिळत नाही. फ्रान्समध्ये तसा पट्टा सरावाला मोकळा मिळेना, म्हणून पुढच्या वेळी अमेरिकेत ओहायोतल्या चाचणी-मार्गावर जाऊन गाड्या तासन्‌तास पिळून काढल्या. १९७८ मध्ये सगळ्यात वेगवान ए४४३ रविवारी सकाळी पुढे असताना बंद पडलीच. पण मागून येणारी ए४४२बी टिकली. दिदिए पिरोनी आणि जाँ-पिएर जोसो यांनी ३६९ फेऱ्या, पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि पोर्शेला पाच फेऱ्यांनी मागे टाकलं. त्या गाडीच्या डोक्यावर हवा नीट कापली जावी म्हणून पारदर्शक घुमट बसवला होता. जूनच्या उन्हात त्याखाली भट्टी झाली. शेवटी गाडीतून उतरलेला पिरोनी उभा राहायच्या अवस्थेत नव्हता.

आणि जिंकल्याबरोबर रेनॉने ल मॉं सोडलं. पैसा, माणसं आणि तेच टर्बो-ज्ञान फॉर्म्युला वनकडे वळलं. तिथली तयारी आधीच चालू होती: १९७६ मध्ये आल्पीनने ए५०० नावाची काळ्या रंगाची एक प्रयोगाची गाडी गुपचूप बनवली होती आणि जाँ-पिएर जाबुईने ती चालवून पाहिली होती. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला त्यातून पुढे आलेली पिवळी गाडी शर्यतीत उतरली, पण नाव रेनॉ. वारंवार इंजिन फुटून वाफ सोडायची म्हणून इंग्रजांनी तिला पिवळी किटली म्हटलं. दोन वर्षांनी दिजाँला टर्बो गाडीचा पहिला फॉर्म्युला वन विजय तिच्याच वंशातल्या गाडीने घेतला. आल्पीनचं नाव कुठेच नव्हतं. दिएपचा कारखाना रेनॉ ५ टर्बोसारख्या गाड्या बांधत राहिला, आणि १९९५ मध्ये शेवटची ए६१० बाहेर पडली तेव्हा नावही थांबलं. रेदेले २००७ मध्ये गेला.

नाव परत आलं ते २०१० नंतर. २०१७ ची नवी ए११० दिएपमध्येच बनू लागली, ॲल्युमिनियमची, अकराशे किलोच्या आसपास, इंजिन आता मागच्या चाकांच्या पुढे सरकवलेलं; स्ट्रॅटोसने शिकवलेला धडा त्यांनी उशिरा का होईना घेतला. ल मॉंच्या दुसऱ्या श्रेणीत २०१६, २०१८ आणि २०१९ ला विजय मिळाले, पण खरं सांगायचं तर त्या गाड्यांचा सांगाडा ओरेका कंपनीचा होता आणि वर आल्पीनचं नाव. २०२१ मध्ये रेनॉच्या फॉर्म्युला वन संघालाच आल्पीन म्हणायला लागले, आणि त्याच वर्षी हंगेरीत एस्तबाँ ओकोन जिंकला. मागे फर्नांडो अलोन्सोने हॅमिल्टनला फेऱ्यान्‌फेऱ्या अडवून धरलं नसतं तर कदाचित जिंकला नसता.

मग २०२४ मध्ये रेनॉने जाहीर केलं की फॉर्म्युला वनचं इंजिन बनवणं आपण थांबवतोय. रेदेलेची पहिली गाडी रेनॉच्या उधार इंजिनावर धावली होती. २०२६ पासून आल्पीनच्या फॉर्म्युला वन गाडीतही इंजिन उधारीचंच, फक्त सावकार बदलला: मर्सिडीज.